लागेल

कुताइसीत आमच्या घराला खोल्या तीन
आणि काचा लावून बंद केलेली एक गॅलरी,
जिथून रिओनी नदी थंडीत जस्तासारखी दिसते.
मार्चमध्ये लेक येणार होती, दोन जुळी घेऊन.
कायमची, असं ती फोनवर म्हणाली नाही.
तिनं फक्त विचारलं, "पाळणे दोन मावतील ना?"

मी बाह्या सरसावल्या.

सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली,
फडताळं अजून त्यांच्याच नावावर.
नातेला. पाच-सहा शब्दांत संसार केला बाईनं,
त्यातला एक: लागेल.
धुऊन वाळवलेली पिशवी, लागेल.
कुलपं हरवलेल्या किल्ल्या, लागतील.
उजव्या हाताचे पाच हातमोजे,
जणू डावा हात ही तात्पुरती सोय.

स्वयंपाकघरात त्केमालीच्या सदतीस बरण्या,
झाकणं गंजून काचेला धरून बसलेली.
उकरून उकरून मोरीत ओतल्या.
आठवडाभर घराला लसूण आणि आंबट आलुबुखारांचा वास.
वाख्तांगनं एका बरणीत बोट बुडवून चाटलं,
म्हणाला, "ही आपल्या लग्नाच्या वर्षातली."
"कशावरून?"
"अजून आंबट आहे."

निजायच्या खोलीत सासऱ्यांचे कोट.
खिशात अक्रोड, ट्रॉलीबसचं तिकीट, पुन्हा अक्रोड.
कोट दिले. अक्रोड फोडले, आतून काळी भुकटी.
तिकीट मात्र हातात धरून मी उगाच उभी राहिले,
कुठे उतरायचं ते न कळल्यासारखी.

बैठकीतला पियानो न्यायला चार गडी आले.
त्यांनी जिना मोजला, पियानो मोजला, माझ्याकडे बघितलं.
गॅलरीला काचा बसायच्या आधी दोरांनी वर चढवलेला तो.
आता खाली उतरायला त्याला वाट नाही.
लेकीनं सहा वर्षं रडत रडत शिकलेला पियानो.
गडी कॉफी पिऊन गेले.
झाकण पुसलं, वर लंगोटांची चळत रचली.

आणि पलंगाखाली बुटांचे तीन खोके:
मेणबत्त्या. अर्ध्या, पाव, नुसते बुडखे,
दमट काड्यापेट्या, दोऱ्याच्या वळलेल्या वाती.
त्या हिवाळ्यातल्या, जेव्हा वीज दिवसातून दोन तास यायची
आणि नातेला रात्री दोनला उठून भाकरी भाजायची.
तिन्ही खोके खालच्या लामाराकडे दिले.
मनात म्हटलं, संपलं ते सगळं.

फेब्रुवारीत बर्फ पडला. सोळा तारखेला वीज गेली.

नीटनेटक्या घरातला अंधार फार मोठा असतो.
मी पलंगावरून उठून चालत राहिले,
आणि कशाचीच ठेच लागली नाही.
एरवी गुडघ्याला ट्रंक लागली की कळायचं, दार आलं,
खांद्याला कोट लागले की कळायचं, वळायचं.
आता काही म्हणता काही लागेना.
स्वतःच्या घरात, चौतीस वर्षांनी,
मी भिंत शोधत हात पसरून उभी.

दारावर थाप. लामारा.
हातात आमच्याच दोन मेणबत्त्या, एक पेटवलेली.
"तुझी सासू द्यायची तेव्हा मोजून द्यायची," ती म्हणाली,
"बुडखा परत मागायची."
आणि निघताना उंबऱ्यावर थांबून,
"तू नाही ना मागणार?"

पहाटे दिवे लागले.
मला तेव्हा कुठे झोप लागत होती.

आता मार्च सरला. पाळणे दोन्ही मावले.
लेक काही सांगत नाही, मी विचारत नाही,
रिकाम्या फडताळात तिची सात गाठोडी
न सोडलेली तशीच पडून आहेत.
जुळ्यांतला धाकटा, सांद्रो,
मांडीवर घेतला की पियानोवर थापटतो.
डावीकडच्या शेवटच्या तीन पट्ट्या वाजत नाहीत,
नुसता धप्प आवाज, कुणी बर्फात पाय टाकल्यासारखा.
वाख्तांग म्हणतो, जुना झाला,
कुणाला तरी दाखवायला हवा, आत काय अडकलंय.

मी लंगोटांच्या घड्या घालत बसते.
त्यांना काड्यापेटीही लागते, ती मी पलीकडे ठेवलीय,
जिथे ओल पोचत नाही.