दोन फूट चार इंच

पेंटर म्हणाला, भाऊ, ही रेघ पुसून टाकतो,
एका हातात जाईल.
मी म्हटलं, तेवढी सोड.
वर पाहिजे तो रंग दे, खाली पाहिजे तो दे,
मधली मातीची रेघ राहू दे:
जमिनीपासून दोन फूट चार इंच.
टेप लावून मोजली आहे. पट्टी कापणाऱ्याचं
अंदाजावर भागत नाही.

बर्डीच्या मागे, नाग नदीपासून चौथं दुकान,
पराते फोटो फ्रेम.
लोक तिला नालाच म्हणतात.
मीही म्हणायचो, त्या रात्रीपर्यंत.
दोन वाजता शटरखालून आत येऊन
तिनं आपलं खरं नाव सांगितलं.

सकाळी, भिंतीला टेकवून ठेवलेली माणसं
चिखलात पालथी होती.
कुणाचे वडील, कुणाचं लग्न,
एक हवालदार, निवृत्तीच्या हारासकट.
सोलायला जावं तर
चेहरा काचेवर राहायचा
आणि कागद हातात.

विम्याचा माणूस आला. काच लिहिली, पट्टी लिहिली,
कटिंग मशीन लिहिलं.
मी म्हटलं, आणि हे फोटो?
तुमचे आहेत का?
नाही जी, गिऱ्हाइकांचे.
त्यानं पेनाला टोपण लावलं.

तेव्हापासून रेघेच्या खाली एक दुकान आहे, वर दुसरं.
खाली काच, तिला पाण्याचं वावडं नाही;
रिकामे डबे, झाडू, माझी खुर्ची.
वर इन्व्हर्टर, बिलबुकं,
आणि ज्यांची दुसरी प्रत जगात नाही
ते सगळे.
फोटो आला की तौफिक आधी मोबाइलवर उतरवतो,
भंडाऱ्याला माझ्या भाच्याकडे पाठवतो.
गेलेली माणसं आमच्याकडे आता
दोन गावांत राहतात.
नंबर पुठ्ठ्यावर, मार्करनं, मोठ्या अक्षरात,
कारण फोन सगळ्यात आधी बुडतो.
दुसरी किल्ली वरच्या मजल्यावरच्या निखारे काकांकडे.
त्यांना रात्रीची झोप येत नाही.
औषध घेऊ नका, असं मी म्हणालो नाही,
पण मनात आलं होतं.

मग तालीम. नवतपातला चौथा दिवस, रविवार,
पारा शेहेचाळीसच्या वर,
नळ कोरडा, कूलरची टाकी कोरडी,
आणि मी ओरडतो, पाणी आलं!
तौफिक हसत हसत खालीच बसला.
कुठी आलं जी? सांगा, बादली घेऊन जातो.
समोरचा रसवंतीवाला गिलास धुता धुता पाहून राहिला.

पण घड्याळ लावलेलं होतं.
मेन स्विच. फोटो. बिलबुकं. मशीनची मोटर.
एकवीस मिनिटं.
पोरानं आधी देव उचलले होते,
माझ्या लाजेखातर.
मी म्हटलं, अरे, देव छापील आहेत,
गठ्ठ्यानं मिळतात.
आधी ती कोपऱ्यातली म्हातारी उचल,
बाजेवर बसलेली, डोळे मिचकावून उन्हाकडे पाहणारी.
ती एकच आहे.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या खेपेला चौदा मिनिटं.
देव खालीच थांबले, तक्रार न करता.

पुराच्या त्याच आठवड्यात एक बाई आल्या होत्या,
दोनशे बारा नंबरची पावती घेऊन.
मी काउंटरवर ॲडव्हान्सचे दीडशे परत ठेवले.
त्यांनी मोजले नाहीत.
म्हणाल्या, पावती तेवढी द्या परत.
मी दिली. माझंच अक्षर होतं:
आई. बारा बाय पंधरा. सागवानी पट्टी.
शनिवारी मिळेल.

येत्या रविवारी पुन्हा.
चौदाचे बारा करायचे आहेत.