फोडणी नाही

बोटीवरून कायमचे उतरलेले बाबा
माझगावच्या स्वयंपाकघरात ढोबळी मिरची
थेट ज्वाळेवर धरतात, साल काळं पडेपर्यंत.
आई खिडकी उघडते. बोलत नाही.

काकडीचं टोक कापून घासतात, फेस काढतात.
हे मात्र आजीकडून आलेलं, बल्गेरियातून नव्हे.
पण कोचवायची नाही. जाड फोडी.
टोमॅटो भायखळ्याचे. कांदा. कोथिंबीर,
तिथं दुसरीच कसली पानं घालतात,
नाव विसरले.

चीज तसं मिळत नाही.
ग्रँट रोडच्या पारशिणीकडचं टोपलीतलं पनीर
रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवलं,
सकाळी किसायला घेतलं तर लगदा.
मग बोटांनीच भुरभुरवलं.
"वार्नाच्या धक्क्यावर असाच पडायचा बर्फ.
आवाज नाही."

"दाण्याचं कूट?"
"नाही."
"निदान मोहरी तरी तडतडू दे."
"नाही."
"शिकवली कोणी?"
बाबांनी मीठ चाखलं.
"स्तोयांका. खानावळवाली. सत्तर वर्षांची."
"तेव्हा," आई म्हणाली, "की आत्ता?"

पाव संपला.
वाडग्याच्या तळाशी गुलाबी पाणी उरलं,
आंबट, खारट, वर तेलाचे डोळे.
आईने वाडगं तोंडाला लावलं,
रिकामं करून खाली ठेवलं.
"मीठ जास्त झालंय," म्हणाली,
आणि उरलेलं पनीर
झाकून ठेवलं, उद्याला.