खालचा मजला

शाळेनं लिलावात काढलेली बस
अंबडच्या माझ्या गाळ्यात सात महिने उभी होती.
सीटा उपटल्या, दोन पलंग वेल्ड केले,
शेगडी, सिंक, टपावर पाण्याची टाकी.
पांढऱ्याचे दोन हात मारले तरी
मागच्या बाजूची पिवळी अक्षरं
उन्हात दिसतच राहिली:
‘लहान मुले, सावकाश’.

रेणुका म्हणाली, राहू दे. खरंच तर आहे.

तेजलला डायनासोर बघायचे होते.
तिच्यासाठीच हे सगळं, असं आम्ही गल्लीत सांगत होतो.
अण्णांना काहीच बघायचं नव्हतं.
चाळीस वर्षं सारुळच्या खाणीत सुरुंगाची भोकं पाडून
त्यांना एकाच कानानं ऐकू येतं,
आणि काय ऐकायचं ते तो कान ठरवतो.
“दगड बघायला डिझेल जाळायचं?” एवढंच म्हणाले,
आणि सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीत बसले.

दिंडोरीला टाकी गळायला लागली.
वणीच्या पुढं सिंक सुटलं,
सापुताऱ्याच्या प्रत्येक वळणावर
रेणुका त्याला पोटाशी धरून बसलेली, लेकरासारखं.
(ते वेल्डिंग माझं नव्हतं. होतं तर माझंच.)
रात्री पंपावर झोपलो, ट्रकांच्या मधोमध.
तेजल अंधारात नावं पाठ करत होती,
प्रत्येक नाव मालगाडीएवढं,
आणि अण्णा झोपेत हुंकार देत होते.

रैयोलीला ऊन दगडातूनच वर येत होतं.
गाईड पोरगा बाटलीनं खडकावर पाणी ओतायचा
आणि ओल्या जागी अंडं उमटायचं,
गोल, करड्या काठाचं,
तव्यावर भाकरी पलटल्यावर दिसतं तसं.
वाळलं की परत नुसता दगड.

“पुन्हा ओत,” तेजल म्हणायची. “पुन्हा ओत.”

अण्णा खाली बसले. गुडघे वाजले.
तीन बोटांचा तळहात टेकवला,
उरलेली दोन खाणीतच राहिलीत.
“मऊ आहे,” म्हणाले.
“आपल्याकडच्यानं छिन्नी बोथट होते.”
पोरगा हसला. दादाजी, तुमचा काळा दगड नंतरचा.
आग होती ती, वाहत आलेली, थरावर थर.
हे सगळं त्याच्या आधीचं, त्याच्या खालचं.

अण्णांनी ऐकलं का, कळलं नाही.
उभं राहायला त्यांनी माझा हात मागितला,
जो ते कधी मागत नाहीत.

परतताना वघईच्या टपरीवर
बशीतला चहा तसाच धरून म्हणाले,
“म्हणजे मी वरचा मजला फोडत होतो.”
आणि बऱ्याच वेळानं,
“खाली कुणी राहतंय म्हणून सांगितलंच नाही कुणी.”

म्हसरूळ ओलांडलं तेव्हा उजाडत होतं.
मी घराकडं वळणार, तर म्हणाले, सारुळला घे.

खाण आता बंद आहे. तिच्यात पाणी साठलंय, हिरवं,
त्यावर एक बदक, कुणाचं कोण जाणे.
काळ्या भिंतीवर सुरुंगाचे उभे चर अजून आहेत,
पाइप मधोमध चिरावा तसे.
“ते माझं,” अण्णा दाखवत होते.
“ते भीमाप्पाचं, गेला तो.
ते वाकडं परत माझं. ताप होता त्या दिवशी.”
खिशातून चमकदार पांढऱ्या स्फटिकाचा खडा काढला.
दगडाच्या पोटात अशी फुलं निघायची,
व्यापारी वीस रुपयांना नेायचे,
हा एक त्यांनी विकला नव्हता. का, ते आजवर सांगितलं नाही.
तेजलच्या हातावर ठेवला.

तिनं तो फ्रॉकच्या खिशात टाकला,
बाटलीतलं उरलेलं पाणी
भिंतीवर ओतलं, आणि वाट बघत उभी राहिली.

काहीच उमटलं नाही.
काळा दगड आणखी काळा झाला, बस.
रेणुकानं बसमधून हाक मारली, चहा उकळतोय.

“पुन्हा ओत,” अण्णा म्हणाले.