लोकरीतच

थर्झा अ‍ॅक्रॉइड, हॅलिफॅक्सची रंगारीण,
कोपरापर्यंत निळी.

"विणून झाल्यावर कापड बुडवलंस
तर रंग वरवरचा, पोरी.
सूत बुडव, जरा धरेल.
पण कातण्याआधी,
धुऊनही मेंढीचा वास न सुटलेली
लोकरच बुडव.
मग कातर, उसव, पिंज,
आत निळंच."

तिथून तो शब्द निघाला:
डाइड-इन-द-वूल.
आपण म्हणतो, हाडाचा.
त्यांना हाडापर्यंत जावं लागत नाही,
लोकर पुरते.

रविवारी चॅपलच्या दारात पाद्री म्हणाले,
"तुझा जेबेझ म्हणजे
डाइड-इन-द-वूल भाविक!"

थर्झा आपल्या नखांकडे बघत राहिली.
सोळा वर्षं त्याचे सदरे तीच धुते.
पाणी कुठल्या रंगाचं निघतं
ते तिला कुणी विचारलं नाही.