टपोरा डोळा

मार्च संपत आला. अँगसमध्ये अजून
पहाटे बादलीत बर्फाची चकती.
वॉटी गुडघा टेकतो, चष्मा पुसतो.

गूजबेरीला आधी जाग:
काट्याकाट्यांतून चुणीदार पानं,
उंदराच्या कानाएवढी.
रास्पबेरीची काठी मेल्यागत.
नखानं खरवडली. आत हिरवी.

काळ्या करंटशी मात्र तो रेंगाळतो.
फांदी चोळली की बोक्याचा वास,
म्हणजे जित्ती आहे.
डोळे फुटतायत, निमुळते, जांभळट,
आणि मधूनच एखादा टपोरा, गोल.
तोच तो खुडतो.
आत कीड असते. तो उघडत नाही कधी.

‘गुबगुबीत दिसेल त्याला भुलायचं नाही,’
एफी म्हणाली होती गेल्या मार्चात,
स्वतःच्या सुजल्या पोटावर
मातीचा हात ठेवून, हसत.

खुडलेले डोळे तो खिशात भरतो.
खतात टाकायचे नसतात.
घरी जाऊन शेगडीत.