ळ

गुळाचा हंगाम सरलेला, शाहूपुरीतली वखार रिकामी.
फरशीला ढेपांचा चिकट वास,
मुंगळ्यांची एक रांग अजून आशेवर.
तोमिए सानादा, वय एक्याऐंशी,
चपला दाराबाहेर काढून आत आल्या
आणि मुंगळ्यांना वळसा घालून उभ्या राहिल्या.

मी दस्तगीर. दस्तगीर आर्ट्स, पापाची तिकटी.
चाळीस वर्षं या गावाच्या पाट्या रंगवल्या:
मटणाची खानावळ, दाताचा दवाखाना,
कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या भिंती.
मग फ्लेक्स आलं, आणि माझे ब्रश
रॉकेलच्या डब्यात उभेच्या उभे वाळले.
मला बोलावलं होतं बादली धरायला.

शिवलीला, विद्यापीठातली दुभाषी पोरगी, सांगत होती:
बाईंचा बाप शाळेत अक्षर शिकवायचा.
एकच अक्षर हजार वेळा, चुकलं की पट्टी.
एकोणिसाव्या वर्षी बाईंनी
त्या अक्षराचे हातपाय सोडवले.
बाप म्हणाला, हे वाचता येत नाही.
त्या म्हणाल्या, वाचायचं नाहीच आहे.
मग बारा वर्षं, एकाच गल्लीत राहून, अबोला.
तो गेला तेव्हा त्याच्या सगळ्या वह्या
त्यांनी भिजवल्या, लगदा केला, कागद केला,
आणि त्या कागदावर तीन वर्षं
काहीच लिहिलं नाही.

कुंचला केरसुणीएवढा. त्यात थोडे केस
आमच्या बापू टांगेवाल्याच्या घोडीचे, कालच मिळालेले.
शाई काजळीची. मी न राहवून म्हटलं,
चुन्यात आम्ही गुळाचं पाणी घालायचो, भिंतीला धरतं.
शिवलीलानं सांगितलं. बाईंनी बोट बुडवून चाखलं,
आणि बादली माझ्याकडं सरकवली.

बारा हात मांजरपाट. बाई कडेला थांबल्या,
इतका वेळ, की बाहेर एक ट्रक रिकामा होऊन गेला.
मग एकदम. धोबीपछाड.
कापडावर काय पडलं ते मला सांगता येणार नाही.
अक्षर नव्हतं. अक्षर उठून गेल्यावर
अंथरुणावर राहतो तो खळगा असावा.
त्यांचे पाय घोट्यापर्यंत काळे, आणि श्वास
वखारीच्या पत्र्याला लागत होता.

चहा घेताना त्यांनी विचारलं,
तुमच्या अक्षरांवरची ती आडवी रेघ कशाला?
म्हटलं, आधी दोरी ताणून ती मारायची,
मग अक्षरं टांगायची, वाळत घातल्यासारखी.
आणि नाही मारली तर?
तर गिऱ्हाईक पैसे देत नाही.
बाई हसत हसत खालीच बसल्या,
आणि कुंचला माझ्या हातात दिला.

उरलेल्या कापडावर मी ळ काढला, गुळातला.
रेघ न मारता. दोन गाठी, भुईवर मोकळ्या.
हात सवयीनं वर गेला, रेघेसाठी,
आणि तिथंच राहिला थोडा वेळ.
बाईंनी ळ म्हणून बघितलं.
जीभ टाळ्यापर्यंत गेली, तिथं कुणी भेटलं नाही,
रु घेऊन परत आली.
चार वेळा. पाचव्यांदा त्यांनी नुसतंच
तोंड उघडं ठेवून अक्षराकडं पाहिलं.

त्यांचं कापड गुंडाळी होऊन जपानला गेलं.
माझं वखारीतच आहे. नष्टे शेठ
नव्या ढेपांवर पालथं घालतात.
परवा भेटले, म्हणाले,
दस्तगीर, रंग ढेपेला लागत नाही हां.
चांगला धरलाय.