हातचा एक

बेटाचं नाव सोर्दा. आमच्या स्पॅनिशमध्ये बहिरी बाई.
दोन लाख चोची एकदम उघडतात इथे;
नाव ठेवणारा एक तर विनोदी असावा
किंवा आठवडाभर राहून गेलेला.

मी धक्क्यावर उडी मारली तर तेओदोसिओने दंड धरला.
"धावायचं नाही. एक उठला की सगळे उठतात,
आणि उघडी अंडी कुरवांच्या घशात."
ही ओळख. नाव नंतर विचारलं.

तो अंकाशच्या डोंगरातला. पहिल्यांदा आला
तो खत खणायला, पाठीवर पन्नास किलो विष्ठेचं पोतं,
दिवसाला साठ खेपा.
गुडघे गेले तेव्हा हातात दुर्बीण आली.

एकेक मोजायचे नसतात. पांढऱ्या खडकावर
थव्याचा काळा डाग कुठवर पसरलाय ते पाहायचं,
ओठ चावत तो नकाशावर उतरवायचा,
चौरस मीटरला तीन घरटी, मग गुणाकार.
वही निळी, मिठाने फुगलेली.
ग्वानाय. पिकेरो. पेलिकन.

रात्री चाळताना दिसलं,
पेलिकनचा आकडा दर महिन्याला एकाने चुकलाय.
चार हजार दोनशे एक.
तीन हजार नऊशे एक.
"हा हातचा कसला?"
तो कांदा चिरत राहिला.

मग रोगाच्या वर्षाची पानं.
पेन्सिल इतकी दाबलेली
की आकडे पलीकडून बोटांना लागतात.
"मान वाकडी करून गोल गोल फिरायचे," तो म्हणाला,
"चुना संपला, मग नुसत्या वाळूत पुरले."
मेलेल्यांसाठी रकाना नव्हता,
म्हणून समासात, तिरक्या बारीक अक्षरात.
डिसेंबर: पेलिकन, शून्य.
खाली रेघ. एक.

त्याने मागचं दार पायाने ढकललं.
पाण्याच्या पिंपाआड एक म्हातारा,
डावा पंख मोडका, सडक्या माशाचा वास,
भाडं थकवलेल्या भाडेकरूकडे पाहावं तसा
माझ्याकडे पाहणारा.
"हा डागात बसत नाही.
म्हणून वेगळा धरतो."

सकाळच्या बोटीने तेओदोसिओ गेला.
टोपी विसरला, की ठेवून गेला, कळलं नाही.
धुकं उठेपर्यंत मी कड्यावर थांबलो.
डाग काढला, खोडला, पुन्हा काढला.
पश्चिमेला, पडक्या बांधाशी, पेलिकन.
एवढे थोडे की एकेक मोजता आले.
बारा. परत मोजले, बाराच.

वहीत लिहिलं, तेरा.

वरच्या ऑफिसात काय सांगायचं ते पुढच्या बोटीला बघू.
आत्ता पिंपावर चोच आपटणं चाललंय,
आणि मासे कुठे ठेवलेत
ते तेओदोसिओने सांगितलेलंच नाही.